राजाचं क्रियापद

आमच्या प्रणवने एका अक्षराने स्वतःचं लग्न जवळजवळ मोडून दाखवलं. ते अक्षर म्हणजे 'तँ'.

प्रणव इंग्लंडातल्या रीडिंगला जन्मला, इथेच शिकला, इथेच नोकरीला लागला. मराठी बोलतो, पण त्याच्या मराठीत टेबल 'ती' असते आणि खुर्ची 'तो'. लहानपणी शनिवारच्या मराठी वर्गात त्याला एक नियम शिकवला होता: जवळच्या माणसाला 'तू', लांबच्याला 'तुम्ही'. बाकी सगळं वाहून गेलं, एवढा नियम तेवढा त्याने घट्ट धरला. माझ्या भावाला तो 'ए मामा, तू' म्हणतो, आणि भाऊ त्यावर खूष असतो.

त्यामुळे त्याची होणारी नेपाळी बायको पूर्वी, तिचे मामा पहिल्यांदा आमच्याकडे चहाला यायचे होते, तेव्हा त्याने आदल्या दिवशी यूट्यूबवरून नेपाळीतला 'तू' शोधून ठेवला. सरप्राइज द्यायचं होतं त्याला.

मामा म्हणजे कॅप्टन हर्कबहादुर घले, ब्रिटिश सैन्यातून निवृत्त गोरखा अधिकारी. ब्लेझर, खिशावर पलटणीचा बिल्ला, आणि बूट असे की त्यात माझ्या दिवाणखान्याचं छत दिसत होतं. सोबत त्यांची बहीण यमुना, म्हणजे पूर्वीची आई, माझी होणारी विहीण. बुटकी बाई, आवाज असा हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. मला माणूस भेटला की मनात त्याची जमा बाजू आणि नावे बाजू मांडायची खोड आहे. नोकरीत हिशेबतपासनीस होते, ती सवय जात नाही. कॅप्टनसाहेबांच्या जमेला मी लगेच शिस्त मांडली, नावेला अहंकार. यमुनाबाईंच्या दोन्ही बाजू कोऱ्या राहिल्या. काही सापडेचना.

मी चिवड्याची बशी पुढे केली. प्रणवने ती माझ्या हातातून घेतली, कॅप्टनसाहेबांसमोर धरली आणि प्रेमाने म्हणाला, "मामा, तँ खा न!"

कॅप्टनसाहेबांनी कप बशीत ठेवला. पूर्वीने डोळे मिटले.

"आमच्याकडे," कॅप्टनसाहेब हिंदीत म्हणाले, एकेक शब्द इस्त्री करून, "तँ कुत्र्याला म्हणतात. आणि शत्रूला."

"आणि देवाला," यमुनाबाई हळूच म्हणाल्या.

"तू बोलू नकोस! या घराला क्रियापदांची साडेसाती लागली ती तुझ्यापासून."

हे वाक्य मी मनात टिपून ठेवलं. अर्थ तेव्हा कळला नाही. कॅप्टनसाहेब उठले, मला वाकून नमस्कार केला (रागातसुद्धा नमस्कार चुकला नाही, तोही जमेला) आणि गेले.

"आई, माझा चूक झाला?" प्रणव.

"माझी चूक झाली."

"तुझी? तू काय केला?"

शशिकांत, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "एवढ्याशा शब्दावरून माणूस चहा टाकून जातो?"

"अहो, ऑफिसातल्या त्या नव्या पोराने तुम्हाला 'ए शशी' म्हटलं, तेव्हा दोन दिवस कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता?"

ते चिवडा खाऊ लागले.

*

दोन आठवड्यांनी कॅप्टनसाहेबांची अट आली. पूर्वीने ती आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगितली, रडू आवरत.

लग्न ऑगस्टच्या बँक हॉलिडेला होतं. मुहूर्त पंचांगाने नव्हे, हॉलच्या बुकिंगने काढलेला. विधी मराठी पद्धतीने, जेवण दोन्हीकडचं. त्यात एक गोष्ट पूर्वीला फार आवडली होती. आमच्या लग्नात गुरुजी हाक देतात, 'मुलीच्या मामांना बोलवा', आणि मुलीचा हात धरून तिला अंतरपाटापर्यंत मामाच आणतो. पूर्वीचे वडील रीडिंगला आल्यावर तिसऱ्याच हिवाळ्यात गेले. तिला सायकल शिकवली मामांनी. शाळेच्या फाटकाशी कडक इस्त्रीची पँट घालून उभे राहायचे तेही मामाच. "बाकीचं लग्न तुम्ही कसंही लावा, काकू," ती मला म्हणाली होती, "पण ही एक गोष्ट माझी आहे."

आणि आता मामांची अट अशी: लग्नाला लंडनजवळच्या पिनरहून कुमारसाहेब येतील. ते नेपाळच्या जुन्या राजघराण्याच्या कुठल्याशा लांबच्या फांदीवरचे. यमुनाने माइकवर उभं राहून त्यांचं स्वागत करायचं, दरबारी भाषेत, राजाला लावतात त्या क्रियापदात. वीस वर्षांपूर्वी जे म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही, ते इथे सगळ्यांसमोर म्हणायचं. तसं झालं तर मामा येतील. नाहीतर गुरुजींनी दुसरा मामा शोधावा.

"त्या मोर्चांचं चढलंय त्यांना," पूर्वी म्हणाली. या वसंतात काठमांडूत 'राजा परत आणा' म्हणणारे मोर्चे निघाले होते, आणि कॅप्टनसाहेब टॅब्लेटसमोर ताठ बसून ते बघत होते. "म्हणतात, देशाने चूक सुधारायला घेतली, आता घरातलीही सुधारू."

"आणि आई काय म्हणाली?"

"आई म्हणाली, नाही. एवढंच. कारण विचारलं तर भाजी चिरायला लागली."

मी हिशेब केला. एका पारड्यात मुलीचं आयुष्यभराचं समाधान, दुसऱ्यात एक क्रियापद. इतका सोपा व्यवहार अडतो कसा? बाईला नीट समजावून सांगितलं की झालं. मी पर्स उचलली.

*

यमुनाबाईंचा फ्लॅट ऑक्सफर्ड रोडला, एका पोलिश किराणा दुकानाच्या वर. त्या सेल रोटी करत होत्या. तांदळाचं सरबरीत पीठ मुठीतून गोल धार धरून तेलात सोडायचं, तेलातच कडं तयार होतं. मी हात धुऊन पलटायला उभी राहिले. आम्ही हिंदीत बोलायचो, त्यात त्यांची नेपाळी आणि माझी मराठी बिनव्हिसा ये-जा करी. त्या मला 'सम्धिनी' म्हणत, म्हणजे विहीण. मी इथे सगळं मराठीतच देते.

"यमुनाबाई, एक वाक्य आहे. म्हणून टाका आणि सोडून द्या. लग्नात आपण काय कमी खोटं बोलतो? आमच्या नणंदबाई आहेराच्या साडीला 'किती सुंदर' म्हणतील ना, तसंच."

"तुम्हाला ते क्रियापद माहीत आहे का, सम्धिनी?"

"नाही."

"मित्र आला तर आम्ही म्हणतो 'आयो'. तुम्ही आलात तर 'आउनुभयो'. राजा आला तर 'सवारी होइबक्स्यो'. राजा जेवत नाही, त्याच्या जेवणाला वेगळा शब्द. झोपत नाही, त्यालाही वेगळा. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी 'बक्स्यो'. म्हणजे त्याने ती आपल्याला बहाल केली."

"बक्षीस!" मी म्हणाले. "आमच्या बक्षिसाचंच भावंड."

"हं. आला, तेही बक्षीस. शिंकला, तेही बक्षीस."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. कडं पलटायची खूण केली आणि सांगू लागल्या. पुढचं मी ज्या तोंडाने ऐकलं ते उघडंच राहिलं असणार, कारण माझ्या वाट्याची दोन कडी करपली.

नेपाळात पाल्प्याच्या पलीकडच्या डोंगरात त्यांचं गाव. नवरा पलटणीतून निवृत्त होऊन परतलेला, पूर्वी शाळेत जाऊ लागलेली. गावात एक छोटं एफएम स्टेशन होतं. एक खोली, भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे ठोकलेले, छतावर बांबूला बांधलेली तार. तिथे यमुनाबाई बातम्या वाचत. मला ते खरंच वाटेना. या हळू आवाजाच्या बाई?

"आवाज मोठा लागत नाही, सम्धिनी. माइक जवळ घ्यायचा असतो."

मग एका सकाळी फोन मुके झाले. सगळ्या देशात. राजाने सरकार बरखास्त करून कारभार स्वतःच्या हातात घेतला होता. दुपारपर्यंत वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत शिपाई जाऊन बसले, आणि त्यांच्या त्या एका खोलीतसुद्धा एक हवालदार आला. पोरसवदाच होता, बंदूक कुठे टेकवावी हे त्याला कळेना, म्हणून यमुनाबाईंनीच त्याला कोपरा दाखवला. हुकूम असा की रेडिओवर बातम्या बंद, फक्त मनोरंजन. गाणी चालतील.

"मग तुम्ही काय केलंत?"

"गायले."

"काय गायलात?"

"बातम्या."

मी झारा हातात धरून उभी राहिले.

मादल, म्हणजे गळ्यात अडकवायचा त्यांचा ढोलका, तो वाजवायला एक जण होता. चाल घ्यायची गवत कापताना बायका म्हणतात ती, सगळ्यांच्या कानातली. आणि त्या चालीत: खालचा पूल खचला, बस पलीकडेच थांबते. अमुक मास्तरांना काल घरून नेलं, कुठे नेलं ते कोणी सांगत नाही. वरच्या झऱ्याचं पाणी उकळून प्या. डोंगरभर बायका कमरेला ट्रान्झिस्टर बांधून गवत कापत, आणि चाल ओळखीची असल्यामुळे बातमी एकदा ऐकली की पाठ. संध्याकाळी मास्तरांचं नाव अख्खी दरी गुणगुणत असे. मास्तरांना सोडलं. नावाला चाल लागल्यावर त्या माणसाला गायब करणं अवघड जातं.

"आणि तो हवालदार?"

"तो पहिल्या दिवशी गोंधळला. म्हणाला, 'दिदी, यो गीत हो कि समाचार?' गाणं की बातमी? मी म्हटलं, मादल वाजतोय ना? मग गाणं. त्याला पटलं. त्याचा हुकूम तेवढाच होता."

मग एके दिवशी त्या गाण्यात त्याचंच गाव आलं. दरड कोसळून चार घरं गेल्याची बातमी होती. त्या गात होत्या आणि कोपऱ्यात तो उभा राहिला. फोन बंद, पत्र जात नव्हतं, त्याला घरचं काही कळण्याची दुसरी सोय नव्हती. गाणं संपलं तसा तो म्हणाला, 'दिदी, पुन्हा म्हणा. घरांची नावं हळू म्हणा.' त्यांनी पुन्हा म्हटलं, घरांची नावं हळू. त्याचं घर त्यात नव्हतं. तो बंदूक तिथेच टाकून बाहेर गेला आणि पायरीवर बसून रडला, आणि पुढच्या गाण्याआधी येऊन कोपऱ्यात उभा राहिला.

मी गॅस बंद केला. यमुनाबाईंनी तो पुन्हा लावला. पीठ वाया जाईल म्हणाल्या.

थोड्या दिवसांनी राजा त्यांच्या जिल्ह्याला आला. शाळेची पोरं हारतुरे घेऊन भर उन्हात सडकेला उभी केली, त्यात पूर्वी. गाड्यांचा ताफा आला आणि गेला. काचा वर होत्या. एक पोरगी चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी ते गायलं. 'राजा आयो, राजा गयो, झ्याल खुलेन.' राजा आला, राजा गेला, खिडकी उघडली नाही. तेव्हा शिपाई त्यांना चौकीवर घेऊन गेले.

"त्यावरून नेलं तुम्हाला? खिडकीवरून?"

"खिडकीचं त्यांनी नावही काढलं नाही. पोरगी पडल्याचंही नाही. चौकीवरचा साहेब म्हणाला, 'तू राजाला आयो म्हणालीस?'" त्यांनी मुठीतली धार पुरी केली. "मी खरं तेच सांगितलं. चालीत बसत नव्हतं. 'होइबक्स्यो' एवढं लांब, त्या चालीत कुठे बसवणार? खरंच एवढंच होतं, सम्धिनी. मी काही शूर वगैरे नव्हते. मात्रा जुळत नव्हत्या."

साहेबाने सांगितलं, माइकवर एकदा नीट म्हण, स्टेशन चालू राहील. त्यांना माइकसमोर बसवलं. लाल दिवा लागला. साहेब काचेपलीकडे उभा. दरीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सकाळपासून स्टेशनवरून तशी घोषणा करवली होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि आलं नाही.

"घाबरलात?"

"तसं नाही. मला ती पडलेली पोरगी दिसली. पूर्वीच्या शेजारी उभी होती ती. म्हटलं, हिला उचलून सावलीत नेणाऱ्या पानवाल्याला मी गाण्यात 'आयो' म्हटलं होतं, आणि काच वर करून गेलेल्याला 'बक्स्यो' म्हणायचं? मग बसून राहिले."

दिवा लागलेला, आणि हवेत नुसती शांतता. दरीतल्या लोकांनी आधी बॅटरी गेली समजून ट्रान्झिस्टर थोपटले. मग कळलं. मग म्हणे कोणीच बंद केले नाहीत. बायका गवतात, दुकानदार दुकानात, सगळे ती शांतता ऐकत उभे राहिले. शेवटी साहेबानेच तार ओढून काढली.

स्टेशनला कुलूप लागलं. यमुनाबाईंना काही दिवस डांबलं आणि सोडलं. पुढच्या वर्षी माणसं रस्त्यावर उतरली, राजाला माघार घ्यावी लागली, आणखी दोन वर्षांनी राजेपणच गेलं. पण भावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. त्यांचे वडील राजवाड्याच्या फाटकावर पहारेकरी होते, त्याच पगारावर दोघं वाढली. नवरा वारल्यावर बोलणं पुन्हा सुरू झालं, पण त्या गोष्टीवर नाही. आणि त्या दिवसापासून यमुनाबाई गायल्या नव्हत्या. पूर्वीलाही हे ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं आईचा आवाजच बारीक आहे.

मी ज्या कामाला आले होते ते काम मला आता आठवेना. जमा आणि नावे दोन्ही रकाने मी मनातल्या मनात पुसून टाकले. ही बाई माझ्यासमोर पिठाचे हात घेऊन उभी होती आणि मला तिला बसायला खुर्ची द्यावीशी वाटत होती, तिच्याच घरात.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शशिकांत. भात किती पाण्यात लावू, म्हणून. मी सांगितलं आणि सवयीने पुटपुटले, "झालं, स्वारीला भूक लागली."

यमुनाबाईंनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"काही नाही हो. आमचे हे."

"सवारी म्हणालात."

"स्वारी. आम्ही नवऱ्याला म्हणतो तसं. 'आज स्वारी लवकर उठली.' चिडवायला. पाळण्यातल्या बाळालासुद्धा म्हणतो, 'स्वारी झोपली का?'"

"राजाचा शब्द?"

"होता कधीकाळी राजाचाच. राजाची स्वारी निघायची. मग राजे गेले आणि शब्द घरात येऊन पडला. आता लंगोट बदलायचा असला तरी स्वारीच."

यमुनाबाईंना हसू फुटलं. आधी नुसते खांदे, मग पोट, मग त्या ओट्याला धरून खाली बसल्या आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून हसल्या. "लंगोट!" म्हणाल्या. "सम्धिनी, लंगोट बदलिबक्स्यो!"

उठल्या तेव्हा त्यांनी हात धुतले, फोन घेतला आणि भावाला लावला. माझ्यासमोरच.

"दाइ, तू लग्नाला ये. तुझ्या पाहुण्याला राजाचं क्रियापद मिळेल. माझा शब्द." आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "आणखी कोण कोण येणार आहे लग्नाला? सगळ्यांची नावं सांगा."

*

लग्नाच्या दिवशी रीडिंगला चक्क ऊन होतं. हाउन्सलोहून अवधूत गुरुजी आले. ते आठवडाभर हीथ्रोवर कार्गो सांभाळतात आणि सुटीच्या दिवशी अंतरपाट, त्यामुळे वेळेच्या बाबतीत दोन्हीकडे सारखेच निष्ठुर. "दोन वाजता हॉल रिकामा करायचाय," ते आल्या आल्या म्हणाले. "मंगलाष्टकं मी आटोपशीर घेतो, पण नातेवाइकांनी स्वतः रचलेली गायची नाहीत. मागच्या वेळी एका आत्याबाईंनी स्टॅन्स्टेडची फ्लाइट चुकवली."

कॅप्टनसाहेब पांढऱ्या नेपाळी दौरा-सुरुवालात, काळी टोपी, छातीवर पदकं. ते दाराशीच उभे राहिले, कुमारसाहेबांची वाट बघत. कुमारसाहेब आले ते एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ, पिनरहून गाड्या बदलत, हातात रेनकोट आणि लग्नाच्या भेटीचं चॉकलेट. कॅप्टनसाहेबांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि बहिणीला मानेने खूण केली.

यमुनाबाई माइकपाशी गेल्या. गळ्यात मादल अडकवला होता. पूर्वी आतल्या खोलीत मामांची वाट बघत बसली होती. तिला वाटलं असणार, आई आता एक वाक्य बोलेल.

त्यांनी माइक खाली ओढून अगदी ओठांशी घेतला, आणि मादलावर थाप पडली.

त्या आवाजाचं मी काय सांगू? मोठा नव्हताच. पण मागच्या भिंतीशी खुर्च्या लावणारा हॉलचा माणूस खुर्ची हातात धरून थांबला. चाल अशी लांबलचक, संथ, की तिच्यात काहीही मावलं असतं. आणि पहिलं नाव आलं:

"हाउन्सलोका गुरुजी, सवारी होइबक्स्यो..."

गुरुजींनी दचकून माझ्याकडे बघितलं.

मग पुण्याहून आलेल्या माझ्या नणंदबाई, सवारी होइबक्स्यो. मग खाली किराणा विकणारा पोलिश शेजारी, तो टाय लावून आला होता, सवारी होइबक्स्यो. पूर्वीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, पनीर ढवळणारा केटरर, खुर्च्यावाला. नंतर "रीडिंगका शशिकांत, सवारी होइबक्स्यो," आणि आमचे हे मला कोपराने ढोसून म्हणाले, "काय म्हणाल्या गं मला?"

"म्हणाल्या, स्वारी आली."

"मग? रोजच येते."

नेपाळी मंडळींत आधी कुजबुज झाली. मग एका म्हाताऱ्या गुरुङ आजींनी तोंडाला पदर लावला. मग एकेक नाव आलं की तो तो माणूस खुर्चीत थोडा सरळ होऊ लागला. केटररने झारा खाली ठेवून हात जोडले. त्याला अर्थ कोणी सांगितला नव्हता.

"पिनरका कुमारसाहेब," आणि इथे कॅप्टनसाहेब ताठ झाले, "सवारी होइबक्स्यो..." केटररला मिळालं होतं तेच. तेवढंच. चिमूटभर जास्त नाही, चिमूटभर कमी नाही. शब्द पाळला होता.

कॅप्टनसाहेबांचा चेहरा दगडाचा झाला. त्यांची नजर दाराकडे गेली. मी कुमारसाहेबांकडे बघितलं, तर ते मांडीवर ताल धरून बसलेले. माझ्याकडे वाकून इंग्रजीत म्हणाले, "कित्येक वर्षांत ऐकला नव्हता हा शब्द. बँकेतून फोन येतो तेव्हा मला 'मेट' म्हणतात." 'मेट' म्हणजे इथलं 'यार'.

मादल थांबला. गुरुजींनी घड्याळ बघितलं, घसा साफ केला आणि हाक दिली, "मुलीच्या मामांना बोलवा."

बोहल्यावर प्रणव पाटावर उभा, तोंड पांढरं. कॅप्टनसाहेब दारापाशी, एक हात दाराच्या मुठीवर.

"मामांना बोलवा!" गुरुजी पुन्हा.

यमुनाबाईंनी मादलावर हात ठेवला. या वेळी वाजवला नाही. भावाकडे बघत, मादलाशिवाय, त्यांनी तीच चाल धरली:

"फाटकमा उभिने बाको छोरो, मेरो दाइ..."

फाटकावर उभ्या राहिलेल्या बापाचा मुलगा, माझा दादा. आणि तिथे थांबल्या. क्रियापद आलं नाही. सगळा हॉल ते ऐकत राहिला, येत नव्हतं ते. मला ती लाल दिव्याची खोली दिसली. दाराच्या मुठीवरचा तो हात मी बघत होते. त्यांच्या बापाने जन्मभर फाटक उघडून दुसऱ्यांना तो शब्द म्हटला होता. त्याला उलट कोणी म्हटला असेल, असं वाटत नाही.

कॅप्टनसाहेबांनी मूठ सोडली. टोपी सरळ केली. परेडवर चालतात तसे ते खुर्च्यांच्या मधून चालत आले, बहिणीसमोर आले, आणि थांबले नाहीत. तसेच पुढे आतल्या खोलीच्या दाराकडे गेले. दार ठोठावलं. आतून पूर्वीचा आवाज आला, "मामा?"

"हं," ते म्हणाले. "आयो."

राजा-बिजा नाही. आला, बस.

ते तिचा हात धरून बाहेर आले तेव्हा यमुनाबाईंनी वाक्य पुरं केलं, "सवारी होइबक्स्यो," आणि ते त्या दोघांसाठी होतं की नुसतं भावासाठी, हे मी विचारलं नाही. पूर्वी चालता चालता आईकडे बघत होती, हा आवाज कुठून आला म्हणून. गुरुजींनी अंतरपाट धरला होता, हॉलची वेळ सरत चालली होती, मंगलाष्टकं तोंडावर आली होती. पण चालीचा शेवटचा सूर अजून लांबत होता, आणि हाउन्सलोच्या अवधूत गुरुजींनी, आजवर कोणासाठी न थांबलेल्या त्या माणसाने, तो संपेपर्यंत तोंड उघडलं नाही.

अंतरपाटापाशी मामा पोहोचले तसा प्रणवने वाकून पलीकडे बघितलं. त्याने महिनाभर पाठ केलेलं काहीतरी आदराचं वाक्य होतं. ते विसरला असणार.

"मामा," तो म्हणाला, "तू आलास!"

कॅप्टनसाहेबांना मराठी येत नाही. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाला?"

"तुमच्याच शब्दात म्हणाला," मी म्हणाले. "आयो."

त्यांनी जावयाकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, जसं शिपायाच्या गणवेशाकडे बघतात, आणि त्याच्या मुंडावळ्यांची वाकडी झालेली लड स्वतःच्या हाताने सरळ केली.